दोन चॅनेलचं टेन्स मशीन : दुखणं अंगभर पसरतंय म्हणून घ्यावं का?

पुण्यात ससूनच्या आसपास, रास्ता पेठेत किंवा टिळक रोडला सर्जिकलच्या दुकानात जाऊन 'करंटचं मशीन' मागितलं की बहुतेकदा हेच पुढ्यात येतं, टेन्स, म्हणजे त्वचेवरून विजेचे बारीक ठोके देऊन दुखणं कमी करणारं मशीन : तळहाताएवढी पेटी, दोन वायरी (एक वायर आणि तिचे दोन पॅड म्हणजे एक चॅनेल), चार चिकट पॅड आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. हे परीक्षण एका कंपनीच्या मालाचं नाही, या प्रकारच्या मशीनचं आहे. आतलं काम सगळ्यांत जवळजवळ सारखंच असतं. फरक पडतो तो नॉब, वायर आणि पॅड यांच्यात.

मत आधीच सांगून टाकतो. हलताना, चालताना, काम करताना जे दुखतं ते तेवढ्या वेळापुरतं खाली आणायला हे मशीन चांगलं आहे. दुखणं पसरू नये म्हणून, किंवा जिथे जिथे पसरलं तिथे पॅड चिकटवत राहायला घेणार असाल तर पैसे वाया जातील. पण खप होतो तो नेमका याच भीतीवर. 'आज मनगट आहे, उद्या खांदा धरेल, मग पाठ' असं काउंटरवर ऐकलं की माणूस चारऐवजी आठ पॅडचं महागडं मशीन उचलतो. म्हणून मशीनकडे वळण्याआधी या पसरण्याबद्दलच बोलायला हवं.

दुखणं पसरतं का, हे ते दुखणं कुठलं आहे यावर ठरतं. गाडीवरून पडून मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाड जुळलं, तरी हात सुजलेला, कधी लाल तर कधी निळसर, घामेजलेला. पंख्याचा वारा सोसत नाही, पदर नुसता घासला तरी आग होते. हे चित्र सीआरपीएसचं, म्हणजे इजेनंतर एका हाताला किंवा पायाला जडणाऱ्या चिवट दुखण्याच्या आजाराचं (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम). त्यासाठी रक्ताची एखादी चाचणी नसते, निदान बुडापेस्ट निकषांवर होतं. स्पर्शाची जाणीव, रंग-तापमान, घाम-सूज आणि हालचाल-त्वचा-केस-नखं असे चार गट. इजेच्या मानाने दुखणं फार जास्त असावं, चारपैकी निदान तीन गटांत रुग्णाची तक्रार असावी, दोन गटांत डॉक्टरांना तपासताना खूण दिसावी आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने हे चित्र उलगडत नसावं. नुसतं 'खूप दुखतं' म्हणजे सीआरपीएस नव्हे.

हा आजार काही जणांत खरोखर पसरतो. कधी लगतच्या भागात, मनगटातून कोपराकडे. कधी पार दूरच्या भागात. कधी आरशात दिसावं तसा, डाव्या हातातून बरोबर उजव्या हातात. नेदरलँड्समधल्या २०११ च्या एका अभ्यासात १८५ रुग्णांपैकी ८९ जणांना एकाहून जास्त हातापायांत त्रास होता. हा आकडा वाचून कुणी धसका घेऊ नये. ते विशेष केंद्रांत पोहोचलेले रुग्ण होते आणि तिथे अवघड केसेसच जास्त जमतात. त्याच अभ्यासातली कामाची गोष्ट वेगळी आहे. एका अवयवातून दुसऱ्यात गेलेल्या दुखण्यापैकी ४९ टक्के समोरच्या बाजूच्या जोडीदार अवयवात गेलं, ३० टक्के त्याच बाजूच्या हातातून पायात किंवा पायातून हातात आणि फक्त १४ टक्के तिरपं, म्हणजे उजव्या हातातून डाव्या पायात. तिरपं गेलेल्यांपैकी ९१ टक्के लोकांच्या त्या दुसऱ्या अवयवाला आधी स्वतंत्र इजा झालेली होती. म्हणजे पसरणं आंधळेपणाने होत नाही. प्लास्टर निघाल्यावर वेळेत हालचाल सुरू झालेल्या बऱ्याच रुग्णांचा त्रास पहिल्या वर्षात उतरत जातो.

फायब्रोमायल्जियाची तऱ्हा निराळी. मान किंवा कंबर धरून सुरुवात होते आणि हळूहळू खांदे, दंड, मांड्या, जबडा, सगळंच ठणकायला लागतं. झोप लागली तरी सकाळी अंग शिणलेलंच. यात सांधे झिजत नाहीत, स्नायू सडत नाहीत, आतला कुठलाही अवयव निकामी होत नाही. बिघडते ती मज्जासंस्थेची संवेदनशीलता. मंडळाच्या मांडवात माइकचा आवाज वाढवून ठेवला की खुर्ची सरकवल्याचाही खणखणाट होतो, तसंच इथे साध्या दाबाचंही दुखणं होऊन बसतं. मज्जारज्जूतल्या पेशी अशा जास्त जाग्या राहतात हे संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगाने दाखवलं. २०१० च्या निकषांत शरीराचे १९ भाग मोजतात, आणि आज अकरा भाग दुखले, पुढच्या महिन्यात सात, असा नकाशा कमी-जास्त होत राहतो. नवा भाग दुखला म्हणजे आजार तिथे 'पोहोचला' असं मानू नये.

आणि काही वेळा ज्याला आपण पसरणं म्हणतो तो दुसराच आजार असतो, हे सर्वांत महत्त्वाचं. उजवा हात जपता जपता सगळी कामं डाव्यावर आली आणि डावा खांदा धरला, तर तो कामाचा ताण. महिनाभर झोळीत हात ठेवल्यावर खांदा वर उचलेनासा झाला, तर तो आखडलेला खांदा, त्याला खांद्याचेच व्यायाम हवेत. मधुमेहात पायाच्या बोटांपासून मुंग्या आणि जळजळ वर चढत गुडघ्याकडे येते आणि साधारण त्याच सुमाराला हाताच्या बोटांत सुरू होते. हे खरंखुरं पसरणं आहे, पण नसा खराब होण्याचं. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, सांधे सुजून गरम लागतात, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायला हवं, कारण तिथे उशीर झाला तर सांधा कायमचा जातो. एकाच पोटरीला नवी सूज आणि दुखणं, हातापायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर मशीन कपाटात ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

आता मशीन. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं की त्वचेवरून येणारे स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशांची वाट अडवू शकतात. गुडघा आपटल्यावर आपण चोळतो आणि बरं वाटतं, ते याचमुळे. टेन्स तेच काम विजेच्या बारीक ठोक्यांनी करतं, शिवाय मेंदूकडून खाली येणारी दुखणं दाबणारी यंत्रणाही त्याने जागी होते. 'नस मोकळी होते', 'मुळापासून जातं', 'पसरणं थांबतं' हे खोक्यावरचे दावे या मशीनच्या आवाक्यातले नाहीत.

चांगल्या मशीनवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लावता आल्या पाहिजेत : पल्स रेट (सेकंदाला किती ठोके, म्हणजे हर्ट्झ), पल्स विड्थ (एक ठोका किती वेळ टिकतो) आणि प्रत्येक चॅनेलची ताकद. नॉबवाल्या साध्या मशीनमध्ये पल्स रेट साधारण २ ते १५० हर्ट्झ आणि विड्थ ५० ते २५० मायक्रोसेकंद असते. सोबत बी, सी, एम असा मोडचा खटका असतो. सी म्हणजे सलग, बी म्हणजे झटक्याझटक्याने, एम म्हणजे बदलत राहणारा. डिजिटल मशीनवर बऱ्याचदा नुसते पी-१, पी-२ असे प्रोग्रॅम असतात आणि कुठल्यात किती हर्ट्झ हे पुस्तिकेतही छापलेलं नसतं. दिसायला ते झकास, पण आमची पसंती नॉबवाल्यालाच. कुठल्या सेटिंगवर बरं वाटलं हे कळलंच नाही तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लावणार कसं?

फायब्रोमायल्जियासाठी सगळ्यांत नेमका पुरावा २०२० मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीचा आहे. ३०१ स्त्रियांवरच्या या चाचणीत एक चॅनेल पाठीच्या वरच्या भागावर आणि एक कमरेवर लावलं होतं. रेट २ ते १२५ हर्ट्झमध्ये बदलता, विड्थ २०० मायक्रोसेकंद, ताकद सोसेल तितकी जास्त, आणि वापर रोज २ तास, हिंडता-फिरता, ४ आठवडे. खोट्या मशीनच्या तुलनेत हालचाल करतानाचं दुखणं कमी झालं. इथे बघा, अंगभर दुखत असूनही पॅड अंगभर लावले नव्हते, पाठीच्या कण्यालगत दोनच ठिकाणी. आठ पॅडच्या मशीनची गरज नाही ती यासाठी. दुसरी बाजूही सांगायला हवी. कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने एप्रिल २०२१ च्या मार्गदर्शनात दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी (फायब्रोमायल्जिया त्यातच धरतात) टेन्स देऊ नये असंच म्हटलं आहे. म्हणून सरसकट 'घ्या' असं आम्ही म्हणत नाही. फिजिओकडे चार-पाच वेळा लावून बघा आणि मग ठरवा.

लावून बघायचं तेही खुर्चीत बसून नको. पॅड न लावता एक जिना चढून उतरा किंवा खुर्चीतून पाचदा उठा-बसा, आणि दुखणं ० ते १० मध्ये किती ते लिहा. पॅड लावून २० मिनिटांनी तेच करा. हालतानाचा आकडा दोनने तरी उतरला तर मशीन तुमच्या कामाचं. बसल्याजागी बरं वाटलं पण जिन्यावर फरक नाही, तर विकत घेऊ नका.

पॅड लावण्याआधी त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. सकाळी तेल चोळलेलं असेल, बाम लावलेला असेल तर पॅड धरत नाही, आणि कडा सुटली की उरलेल्या जागेतून सगळा करंट जाऊन चटका बसतो. केस दाट असतील तर कात्रीने कमी करा, वस्तरा नको, बारीक ओरखड्यांतून झोंबतं. दोन पॅडमध्ये निदान एका पॅडएवढं, ५ सेंटीमीटर अंतर ठेवा. पॅड लावून झाले की मगच मशीन चालू, नॉब शून्यावरून हळूहळू वर. हवी ती जाणीव अशी : जोरदार मुंग्या, पण दुखत नाही. नुसती कुठेतरी शिवशिव जाणवते एवढ्यावर थांबणारे खूप आहेत, आणि 'मशीनने काही झालं नाही' म्हणणाऱ्यांत तेच जास्त. पाच-दहा मिनिटांत जाणीव सवयीने बोथट होते, तेव्हा ताकद थोडी आणखी वाढवा. काढताना आधी मशीन बंद, मग पॅड.

सीआरपीएसच्या हातावर मात्र इथे हटकून चूक होते. दुखतं तिथे पॅड लावायचा, हा नियम या आजारात चालत नाही. ज्या त्वचेला पदर सोसत नाही तिला करंट काय सोसणार? शिवाय तळहात घामाने ओला असतो, पॅड सरकतो. एक चॅनेल कोपराच्या जरा खाली, स्पर्श नीट सोसतो अशा जागी, एक पॅड आतून, एक बाहेरून. दुसरं चॅनेल मानेच्या मागे तळाशी, कण्याच्या दोन बाजूंना. रेट १०० च्या आसपास, विड्थ १०० पासून सुरू करून सोसेल तशी वाढवा. स्नायू उडायला लागले तर ताकद कमी करा. ईएमएस नावाचा स्नायू आकसवणारा मोड या हातावर अजिबात नको. आणि मशीन चालू असतानाच हात कामाला लावा : आधी कापूस, मग मऊ मलमल, मग टॉवेल असं पाच-पाच मिनिटं हलकेच फिरवणं, बोटं उघडझाप करणं. मशीन लावून हात उशीवर ठेवून टीव्ही बघत बसलं तर तो तास फुकट गेला. याच्या जोडीला साधा आरसा लागतो, दुखरा हात आरशामागे आणि चांगला हात पुढे ठेवून हलवायचा, तोही फिजिओने दाखवल्यावरच.

मशीनचा परिणाम मुख्यतः ते चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर थोडाच वेळ टिकतो, हे धरूनच दिवस आखा. स्वयंपाक, भाजी आणणं, पीएमपी बसचा प्रवास, व्यायाम यातल्या ज्या कामाला दुखणं आडवं येतं त्या वेळी पेटी कमरेला अडकवून मशीन चालू ठेवा. गाडी चालवताना नको, पाण्याजवळ नको, झोपेत नको. रोज त्याच सेटिंगवर लावलं तर काही दिवसांत शरीर सरावतं आणि फायदा घटतो. त्यासाठीच एम मोड असतो, तो वापरा. चहाचीही एक गोष्ट आहे. १९९५ मधल्या एका छोट्या प्रयोगात २०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावर टेन्सचा परिणाम पुसला गेला होता. एक कप चहात कॅफीन त्याहून बरंच कमी असतं, तेव्हा सकाळचा चहा सोडायचं कारण नाही, पण दोन मग कडक फिल्टर कॉफी पिऊन लगेच मशीन लावत असाल आणि गुण येत नसेल तर वेळ बदलून पाहा.

पेसमेकर किंवा छातीत डिफिब्रिलेटर बसवलेला असेल तर हे मशीन घेऊच नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्यावर, गरोदरपणी पोटावर किंवा कमरेवर, कर्करोगाच्या गाठीवर, जखमेवर, रक्ताची गुठळी असलेल्या पायावर पॅड लावायचा नाही. फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पॅडखाली भाजलं तरी कळणार नाही. बोथट वस्तू आणि टोकदार वस्तू यातला फरक जिथे ओळखू येत नाही तिथे पॅड नको.

बिघडतं काय? मशीन सहसा बिघडत नाही, वायर बिघडते. पेटीत घुसणाऱ्या पिनेपाशी वायर वाकून वाकून आतून तुटते. मग करंट कधी येतो, कधी जातो, कधी एकदम झटका बसतो. ओळखायचं असं की दोन चॅनेलच्या वायरी अदलाबदल करून लावा. दोष वायरीबरोबर दुसरीकडे गेला तर वायर गेली, तिथेच राहिला तर पेटी. वायर ओढून काढू नका, पिनेला धरून काढा. बॅटरीचा दोष जास्त फसवा. ती उतरत आली तरी लाल दिवा लागतो, ताकद मात्र कमी होते, म्हणून आपण नॉब वाढवत नेतो. मग नवी बॅटरी घालतो आणि नॉब तसाच वर राहिलेला असतो. सीआरपीएसच्या माणसाला त्या एका झटक्याने आठवडाभर मशीनची धास्ती बसते. बॅटरी बदलताना दोन्ही नॉब शून्यावर, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पॅड हा खरा चालू खर्च. ५ बाय ५ सेंटीमीटरचे चिकट पॅड नीट वापरले तर साधारण वीस-तीस वेळा टिकतात. वापर झाला की मूळच्या प्लास्टिकवरच परत चिकटवा आणि झिपच्या पिशवीत बंद करा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत जेल सुकतं, तेव्हा पिशवी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. सुकल्यासारखा वाटला तर बोटाने पाण्याचा एक थेंब पसरून दोन मिनिटं थांबा. त्यानंतरही कडा धरत नसेल तर टाकून द्या, सेलोटेप लावून चालवू नका. एकाचे पॅड दुसऱ्याने वापरू नयेत. पॅड काढल्यावर थोडी लाली राहते, ती काही तासांत जाते. पुरळ किंवा खाज राहिली तर जेल मानवत नाही, पॅडची कंपनी बदला. एकट्या राहणाऱ्यांची अडचण वेगळीच : पाठीच्या वरच्या भागावर स्वतःचा हात पोहोचत नाही. त्यांनी निदान कमरेचं चॅनेल लावावं किंवा दोन पंखांचा एकच मोठा पॅड मिळतो तो घ्यावा.

दुकानात पैसे देण्याआधी वायरीचं टोक पाहा. काही पॅडना बारीक पिन घुसते, काहींना टिचबटण असतं, आणि एकाचे पॅड दुसऱ्याला चालत नाहीत. ऑनलाइन स्वस्तात आलेल्या मशीनचे पॅड पुण्यात मिळालेच नाहीत की महिनाभरात सगळा संच अडगळीत जातो. मशीन घेतानाच त्याचे सुटे पॅड आणि सुटी वायर त्याच दुकानात आहे का ते विचारा. ही वैद्यकीय उपकरणाच्या कायद्याखाली येणारी वस्तू आहे, तेव्हा खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला हवा. 'मसाजर' म्हणून विकली जाणारी, हर्ट्झ-मायक्रोसेकंदाचा पत्ता नसलेली फुलपाखरासारखी चिकटपट्टी याच्या जागी घेऊ नका. पक्कं बिल मागा, वॉरंटी पेटीवर आहे की वायरीवरही हे बिलावरच लिहून घ्या, आणि काउंटरवर दोन्ही चॅनेल स्वतःच्या हाताला लावून वायर हलवून बघा.

घरी आल्यावर कागदावर शरीराची पुढची-मागची आकृती काढून दुखरे भाग रंगवा, तारीख घाला. पुढचा कागद महिन्याने. रोज रंगवू नका, रोज तपासलं की लक्ष दुखण्यावरच खिळतं आणि ते वाढतं. तीन महिन्यांचे कागद शेजारी ठेवले की दुखणं खरंच पसरतंय, नुसतं जागा बदलतंय की आहे तिथेच आहे हे कळतं, आणि डॉक्टरांना दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही. नवा रंगवलेला भाग सलग दोन कागदांवर राहिला तर तिथे पॅड लावण्याआधी तो भाग तपासून घ्या.